खोबरेल तेल गालांना मानवलं, कपाळाला नाही: असं का होतं आणि पुढे काय करायचं

एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "वय ३१. त्वचा कोरडी आहे म्हणून महिनाभर रोज रात्री चेहऱ्याला खोबरेल तेल लावते आहे. गाल मऊ झाले, पण कपाळावर आणि हनुवटीवर बारीक पुळ्या आल्या. घरातले म्हणतात, आतली घाण बाहेर पडते आहे, थांबू नकोस. चालू ठेवू का? माझ्या चार वर्षांच्या मुलाला कोपरांच्या आतल्या बाजूला सारखी खाज येते, तिथे हेच तेल चालेल का? आणि तेलात लिंबू किंवा खायचा सोडा मिसळून लावलं तर जुने डाग जातात का?"

आधी सरळ उत्तर देते. कपाळावर आणि हनुवटीवर तेल लावणं आजपासून बंद करा. गालांवर लावायला हरकत नाही, फक्त पद्धत थोडी बदला. मुलाच्या कोपरांवर नेमकं काय आहे ते ओळखल्याशिवाय तेलाचं ठरवू नका. लिंबू आणि सोडा चेहऱ्याच्या जवळही नेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून रोज असे चेहरे तपासते, त्यावरून कारणं सांगते. ती नीट कळली की उद्या कुणी आणखी काही सुचवलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तुम्ही स्वतःच एक फार नेमकी गोष्ट टिपली आहे. चेहरा एक, तेल एक, आणि तरी दोन ठिकाणी ते दोन तऱ्हांनी वागलं. सगळं उत्तर त्यातच आहे.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर चपट्या, मृत पेशींचा असतो आणि त्यांच्या मधल्या फटी त्वचेच्या स्वतःच्या स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. हे लिंपण कमी पडलं की आतलं पाणी उडून जातं. मग त्वचा ओढल्यासारखी वाटते, पांढुरकी दिसते, खाजते. खोबरेल तेल त्या फटी बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करतं आणि वर पातळ थर धरून पाण्याचं उडणं कमी करतं. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं हे काम आहे. झाकणामुळे आतलं पाणी टिकतं, नवीन पाणी येत नाही. म्हणूनच कोरड्याठाक त्वचेवर तेल चोळलं तर ती चमकते, पण तासाभरात आतून पुन्हा ओढ जाणवायला लागते.

हे काम ते खरोखर करतं. फिलिपिन्समध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या त्वचेच्या ३४ जणांना दोन आठवडे, दिवसातून दोनदा, काहींना खोबरेल तेल आणि काहींना मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून शुद्ध करून काढलेलं बिनवासाचं तेल) लावायला दिलं होतं. दोन्ही गटांत त्वचेचा ओलावा वाढला आणि दोन्ही तेलं साधारण सारखीच ठरली. मी यातून इतकंच घेते की साध्या कोरडेपणासाठी खोबरेल तेल चांगलं आणि सुरक्षित आहे. त्यात काही अद्भुत शक्ती आहे असं मात्र यातून निघत नाही.

आता कपाळाकडे येऊ. चेहऱ्यावरच्या तेलग्रंथी सगळीकडे सारख्या नसतात. कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यात त्या दाटीने असतात, गालांवर त्या मानाने विरळ. जिथे त्वचा स्वतःच भरपूर तेल तयार करते तिथे वरून आणखी तेल घातलं की केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात तेल आणि मृत पेशी यांचा बोळा बसतो. तोंड बंद, आत साठवण चालू. अशी बारीक गाठ आधी डोळ्यांना दिसत नाही, काही आठवड्यांनी वर येते. म्हणून सुरुवातीचे दिवस छान जातात आणि मग एकदम पुळ्या दिसायला लागतात. तुमचा महिन्याचा हिशोब यात अगदी बसतो.

कोणतं तेल छिद्रं किती बुजवतं याच्या ० ते ५ अशा याद्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांत खोबरेल तेलाला बहुधा ४ आकडा दिलेला असतो. या याद्यांचा पाया सशाच्या कानाच्या आतल्या त्वचेवर केलेल्या चाचण्यांचा आहे, आणि ती त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त चटकन बुजते. त्यामुळे ४ म्हणजे प्रत्येकाला पुळ्या येणारच असं नाही. ज्यांना आयुष्यात कधी मुरुमं आली नाहीत अशी माणसं चेहऱ्याला खोबरेल तेल लावतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्यांच्या त्वचेचा कल आधीपासून मुरुमांकडे आहे त्यांना मी चेहऱ्यासाठी हे तेल सुचवत नाही.

"घाण बाहेर पडते आहे" ही समजूत कुठून येते तेही सांगते. मुरुमांवरची काही औषधं, विशेषतः रेटिनॉइड गटातली, पेशी झडण्याचा वेग वाढवतात. त्यामुळे आत आधीच तयार असलेल्या गाठी लवकर वर येतात आणि सुरुवातीचे काही आठवडे चेहरा बिघडल्यासारखा दिसतो. तिथे धीर धरायला आम्हीच सांगतो. खोबरेल तेल पेशींचा वेग वाढवत नाही. ते लावल्यावर आलेल्या पुळ्या बहुतेक वेळा त्यानेच केलेल्या असतात आणि लावत राहिलं तर वाढतात.

पण तुमच्या पुळ्या कोणत्या, हे एकदा नीट बघा. दिवसा खिडकीशी उभ्या राहा आणि आरशात चेहरा असा वळवा की उजेड कपाळावर तिरपा पडेल. समोरून न दिसणारे उंचवटे तिरप्या उजेडात लगेच दिसतात. त्वचेच्याच रंगाचे, रव्यासारखे, खाज नसलेले, कमी-जास्त आकाराचे असतील तर ती बुजलेली छिद्रं. सगळे एकाच मापाचे, लालसर आणि मुख्य म्हणजे खाजणारे असतील, शिवाय छाती-पाठीवरही तसेच असतील, तर शंका बुरशीची घ्यावी लागते. आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी राहते. तिला जगायला स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड, म्हणजे तेल ज्यांचं बनतं ते घटक) लागतात, आणि तीही साधारण ११ ते २४ कार्बन अणूंच्या साखळीची. खोबरेल तेलात जवळपास अर्धा भाग लॉरिक आम्ल असतं, ते १२ कार्बनचं; त्यानंतरचं मिरिस्टिक, १४ कार्बनचं. म्हणजे तिला आपण हवं ते खाद्य देतो. डोक्यात चिकट कोंडा असणं, भुवयांत आणि नाकाच्या कडांना लालसर पापुद्रे येणं, हा तिचाच उद्योग. तुम्हाला यांपैकी काही असेल तर खोबरेल तेल चेहऱ्यावर नकोच, डोक्यातही रात्रभर मुरवू नका. अशा पुळ्यांवर नेहमीची मुरुमांची प्रतिजैविकं चालत नाहीत, कधी कधी त्यांनी त्या वाढतात. त्यांना बुरशीविरोधी औषध लागतं.

आणखी एक, जे माझ्याकडे येणारे सहसा आपणहून सांगत नाहीत: केसांना काय लावता? पुळ्या कपाळाच्या वरच्या काठाला, केसांच्या रेषेलगत आणि कानशिलांवर जास्त असतील तर डोक्याचं तेल खाली उतरतंय. उशीच्या अभ्र्यावरून ते गालालाही लागतं. चेहऱ्याचं तेल बंद केलं आणि डोक्याला तेल थापून झोपणं चालूच राहिलं तर सुधारणा होणार नाही. केसांना तेल लावायचं तर धुण्याआधी एक-दोन तास लावा, कपाळाची रेषा सोडून, आणि अभ्रा आठवड्यातून दोनदा तरी बदला.

तेल थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी चेहरा साफ होणार नाही. बसलेले बोळे सुटायला सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, आणि कपाळ-हनुवटीसाठी हलकं, पाण्यासारखं मॉइश्चरायझर. चेहरा घासू नका, स्क्रब नको, पुळ्या फोडू नका. फोडलेल्या प्रत्येक पुळीमागे गडद डाग राहण्याची शक्यता वाढते आणि तो डाग पुळीपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतो.

आता गाल. तिथे तेल मानवलंय तर वापरा, पण कोरड्या त्वचेवर नको. चेहरा धुतल्यावर टॉवेलने हलकेच टिपा, पूर्ण कोरडा करू नका. त्वचा दमट असतानाच, म्हणजे तीनेक मिनिटांच्या आत, आधी ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. तेलाला ते जमत नाही. मग दोन्ही गालांना मिळून दोन-तीन थेंब तेल तळहातावर घ्या. तेल गोठलेलं असेल तर तांदळाच्या दोन दाण्यांएवढं पुरे. तळवे एकमेकांवर टेकवून ते विरघळू द्या आणि तळवे गालांवर दाबा, चोळू नका. पाच मिनिटांनी बोट लावून पाहिल्यावर बोट चमकलं तर तेल जास्त झालं, टिशूने टिपून घ्या. बहुतेक जण याच्या चौपट-पाचपट तेल लावतात आणि मग दोष तेलाला देतात.

रोज लावायचं का, हे हवेवर आहे. थंड, कोरड्या हवेत किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्याला रोज चालेल. दमट, उकाड्याच्या दिवसांत घाम आणि तेल एकत्र येऊन गालांनाही पुरळ उठू शकतं, तेव्हा आठवड्यातून दोन रात्री किंवा अजिबात नाही. वयाचाही फरक पडतो. पन्नाशीनंतर तेलग्रंथींचं काम मंदावतं, तेव्हा पूर्वी न मानवलेलं तेल मानवायला लागतं.

चेहऱ्यापेक्षा मला खोबरेल तेल हाता-पायांवर जास्त आवडतं. नडग्या, कोपर, गुडघे, टाचा इथे तेलग्रंथी कमी असतात किंवा नसतात, आणि हे तेल तिथे त्याचं सगळ्यात चांगलं काम करतं. तळपायाला तर तेलग्रंथी मुळीच नाहीत. भेगा पडलेल्या टाचांसाठी नुसतं तेल थोडं अपुरं पडतं, कारण ते सरकून जातं. त्यासाठी घरी मलम करता येतं: वजनाने चार भाग तेल, एक भाग मधमाश्यांचं मेण. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर भांडं ठेवा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, थेट आचेची गरज नाही. वितळल्यावर ढवळून कोरड्या, स्वच्छ डबीत ओता. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, टिपून, हे मलम आणि वर सुती मोजे. भेगांतून रक्त येत असेल तर मात्र आधी दाखवून घ्या. हेच मलम ओठांनाही चालतं. मोजे घालून लगेच फरशीवर चालू नका, पाय घसरतो. घरात वयस्कर कुणी असेल तर हे त्यांना मुद्दाम सांगा.

तेल कोणतं घ्यावं हे मला हमखास विचारलं जातं. ओल्या खोबऱ्यापासून, फार उष्णता न देता काढलेलं व्हर्जिन तेल नारळाच्या ताज्या वासाचं असतं आणि गोठलं की पांढरंशुभ्र दिसतं. सुक्या खोबऱ्याचं तेल शुद्ध करून, रंग-वास काढून विकतात ते रिफाइंड. दोन्हींतली स्निग्धाम्लं जवळपास तीच, त्यामुळे झाकणाचं काम दोन्ही करतात. व्हर्जिनमध्ये काही फिनॉलिक घटक जास्त टिकतात आणि इसबावरचे अभ्यास त्यावर झाले आहेत, म्हणून निवड असेल तर मी ते घ्यायला सांगते. केसांसाठी म्हणून विकलं जाणारं सुगंधी तेल चेहऱ्याला नको. सुगंधी द्रव्यं ही ॲलर्जीची फार मोठी कारणं आहेत. तिसरा प्रकार आहे फ्रॅक्शनेटेड. त्यातून लॉरिक काढून ८ आणि १० कार्बनची आम्लंच ठेवलेली असतात, म्हणून ते थंडीतही पातळ राहतं. मॅलॅसेझियाला ही आम्लं उपयोगाची नाहीत, त्यामुळे कोंड्याचा त्रास असलेल्याला तेलच हवं असेल तर ते बरं.

साधं तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, वर पातळ होतं. याने ते बिघडत नाही. यात जवळपास नव्वद टक्के संपृक्त स्निग्धाम्लं असल्यामुळे ते इतर तेलांपेक्षा उशिरा खवट होतं, पण होतं. वास आंबूस किंवा मेणखडूसारखा आला की टाकून द्या. ओली बोटं डबीत घालू नका. शुद्ध तेलात पाणी नसतं म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत. तुम्ही घरी कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी मिसळलं की जंतूंना पाणी मिळालं. असं मिश्रण करायचंच तर एका वेळेपुरतं करा आणि उरलेलं टाका.

लिंबू आणि सोड्याबद्दल मी इतकी ठाम का आहे? त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप; ७च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ५च्या आसपास, किंचित आम्ल असतो, आणि तो तसा राहिला तरच वरचा थर शाबूत राहतो. लिंबाच्या रसाचा पीएच २च्या जवळ, सोड्याच्या पाण्याचा ८च्या वर. एक भाजतो, दुसरा तो थर सैल करतो. लिंबात आणखी एक धोका आहे. त्यातले फ्युरोकुमारिन नावाचे पदार्थ त्वचेवर असताना ऊन लागलं तर दाह होतो, कधी फोड येतात, आणि मागे तपकिरी चट्टे राहतात. असे चट्टे मी तपासलेत: रस जिथून ओघळला तिथून हनुवटीपर्यंत ओघळाच्याच आकाराचे. डाग घालवायला म्हणून लावलं होतं. तेलात मिसळल्याने हे टळत नाही, रस तेलात विरघळतच नाही. तुमचे जुने डाग मुरुमांचे असतील तर त्यांना सगळ्यात जास्त मदत रोजच्या सनस्क्रीनने होते. खोबरेल तेल डाग फिकट करत नाही, आणि सनस्क्रीनची जागाही घेत नाही. त्याचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप) ८ आहे असा आकडा फिरतो, तो प्रयोगशाळेत उपकरणावर मोजलेला आहे. अतिनील किरण शोषून घेईल असं या तेलात फारसं काही नाही. सकाळी तेल न लावता एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन लावा.

आता मुलाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथे वाटते. चार वर्षांचं मूल, कोपरांच्या आतल्या घडीत खाज, दोन्ही हातांना सारखी, गुडघ्यांमागेही असेल, त्वचा कोरडी आणि खरखरीत असेल, तर हे बहुधा बालपणीचं इसब. इथे खोबरेल तेलाच्या बाजूने चांगला पुरावा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांना आठ आठवडे व्हर्जिन खोबरेल तेल किंवा मिनरल ऑइल दिलं होतं. इसबाची तीव्रता मोजायचा जो गुणांक असतो तो खोबरेल गटात सरासरी ६८ टक्क्यांनी उतरला, मिनरल ऑइल गटात ३८ टक्क्यांनी. म्हणून सौम्य इसबात, आंघोळीनंतर लगेच दमट त्वचेवर, दिवसातून दोनदा, मी हे तेल आनंदाने लावू देते. ऑलिव्ह तेल मात्र नको. त्यातलं ओलेइक आम्ल त्वचेचं लिंपण ढिलं करतं.

पण चट्टा गोल, कडेला उंच आणि मध्ये साफ असेल तर तो नायटा असू शकतो. तेलाने तो जाणार नाही, नुसता वेळ जाईल. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर खरूज तपासावी लागते आणि उपचार सगळ्या घराने एकदम घ्यावे लागतात. चट्ट्यातून पाणी येत असेल, पिवळी खपली धरत असेल, ताप असेल तर संसर्ग झालाय. त्यावर तेल लावू नका, त्याच दिवशी दाखवा. दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून खाजेचं क्रीम आणू नका, त्यातल्या कित्येकांत तीव्र स्टेरॉइड असतं. आणि तेलात कापूर घालू नका. खाज थांबते म्हणून मोठ्यांसाठी तो वापरतात, पण लहान मुलांच्या पोटात गेला किंवा त्वचेतून जास्त शोषला गेला तर झटके येऊ शकतात.

नवीन काहीही, तेलसुद्धा, मुलाच्या अंगभर लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला, इसब नसलेल्या जागी, नाण्याएवढ्या भागावर सात दिवस दोनदा लावून बघा. लाली किंवा पुरळ उठलं नाही तर पुढे जा. तुम्ही स्वतःही हाच नियम पाळा, फक्त चेहऱ्यासाठी जागा जबड्याच्या कडेला, कानाखाली घ्या आणि तीन-चार आठवडे थांबा. सात दिवसांत ॲलर्जी कळते, छिद्रं बुजतात की नाही हे कळायला इतका वेळ लागतो.

आठ आठवड्यांनी कपाळ साफ झालं नाही, किंवा मधेच दुखणाऱ्या, खोल गाठी यायला लागल्या, तर जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. जाताना चेहऱ्याला आणि केसांना जे जे लावता त्या सगळ्या बाटल्या सोबत न्या, आणि आज खिडकीशी, त्याच तिरप्या उजेडात काढलेला कपाळाचा फोटोही.